६एस लिपो पॅकसाठी चार्जर आणि पॉवर सप्लाय कोणता घ्यावा?

तुम्ही परभणीत राहता, तुमच्याकडे ड्रोन किंवा मॉडेल विमान उडवायचे ३एस २२०० आणि ६एस ५००० एमएएच असे दोन लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पॅक आहेत (३एस, ६एस म्हणजे एकापुढे एक जोडलेले ३ किंवा ६ सेल), आणि थेट बोर्डात लावायचा '१० अँपिअर'चा चार्जर पुरेल का, असं विचारलंय. ३एसला पुरेल, ६एसला नाही.

अँपिअर नका बघू, वॅट बघा. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे ६एस पॅक २५.२ व्होल्टचा. १सी दराने, म्हणजे पॅकच्या क्षमतेइतक्याच, ५ अँपिअर द्यायचे तर १२६ वॅट लागतात. बोर्डावर चालणाऱ्या लहान चार्जरवर बारीक अक्षरात बहुतेक ५०-६० वॅट लिहिलेलं असतं. ६० भागिले २५.२, म्हणजे जेमतेम २.४ अँपिअर. सव्वा तासाचं काम अडीच तासांवर जातं. काही चार्जरवर एसी आणि डीसीचे वॅट वेगवेगळे असतात; मोठा आकडा डीसीचा, आणि जाहिरातीत तोच झळकतो.

डीसी इनपुटचा (थेट बोर्डात न लावता वेगळ्या पॉवर सप्लायवर चालणारा), ६एसपर्यंतचा, निदान २०० वॅटचा चार्जर घ्या. बॅलन्स करंटही विचारा, म्हणजे सगळे सेल एकाच व्होल्टेजला आणताना चार्जर किती करंट वापरतो ते. ०.२ अँपिअरवाला चार्जर सेलमध्ये फरक पडलेल्या पॅकवर शेवटी रेंगाळत बसतो, ०.६ किंवा त्याहून जास्त असेल तर बरं.

आता पॉवर सप्लाय. चार्जर स्वतः थोडी वीज गरम होण्यात घालवतो, म्हणून १२६ साठी आत साधारण १५० वॅट जायला हवेत. १२ व्होल्टवर हे साडेबारा अँपिअर होतात, २४ वर सव्वासहा. शिवाय पुष्कळ चार्जर १२ व्होल्टवर पूर्ण वॅट देतच नाहीत, कारण त्यांच्या इनपुट करंटला मर्यादा असते. म्हणून २४ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (जाळीदार डब्यातला पॉवर सप्लाय) घ्या. १५० ला २४० वॅटचा कशाला, असं वाटेल. पण आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत सप्लाय आधीच तापलेला असतो, आणि उष्णता वाढली की त्याची क्षमता घटते. जाळी मोकळी ठेवा, पण कूलरच्या झोतात ठेवू नका, ओलावा आत जातो. बाजूला ११०/२२० चा स्विच असेल तर वीज देण्याआधी २२० वर आहे ना, बघा. अर्थिंग खरंच जोडलेलं हवं. पुष्कळ घरांत तीन पिनांच्या सॉकेटला मागे अर्थची वायरच नसते, मग एसएमपीएसच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ९० वॅटचा अडॅप्टर घरात असेल तर सुरुवात त्यावर करता येईल. चार्जरमध्ये इनपुटची मर्यादा ८० वॅटवर ठेवा. ६एसला अडीच अँपिअरच्या आसपास मिळतील.

लोडशेडिंगमध्ये लाईट गेली तर पॅक काढून ठेवा. लाईट आल्यावर चार्जर बहुधा आपोआप पुढे चालू होत नाही, आणि काही चार्जर तोवर बॅलन्स लीडमधून (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरींतून) पॅकच थोडाथोडा उपसतात. शेतावर इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी वापरलीत तर तुमचा ६एस पॅक एकदा भरायला तिच्यातले साधारण ११ अँपिअर-अवर जातात. चार्जरचा लो-इनपुट कटऑफ ११.५ व्होल्टवर ठेवा, नाहीतर ती बॅटरी खोल उतरून लवकर बाद होते.

उडवून आणलेला गरम पॅक लगेच लावू नका. ४५ अंशांच्या वर लिपो चार्ज करायचाच नाही. फुगलेला पॅक किंवा ३ व्होल्टखाली गेलेला सेल असेल तर तो पॅक बाजूलाच काढा. आठवडाभर उडवणार नसाल तर स्टोरेज मोडवर सेल ३.८ व्होल्टला आणून ठेवा. चार्जिंग फरशीवर करा, वाळूची बादली शेजारी असू द्या, आणि चार्जिंग चालू असताना खोली सोडू नका.

केळीच्या पिनांची (बनाना प्लगची) चार्जिंग वायर आधी चार्जरला लावा, मग पॅकला. उलटं केलंत तर मोकळ्या पिना एकमेकींना चिकटून पॅक शॉर्ट होतो. काढताना पॅक आधी, चार्जर नंतर.