पहिले दोन दिवस गाडी घेऊ नकोस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा माँटेनेग्रोच्या, म्हणजे युरोपातल्या त्या चिमुकल्या डोंगराळ देशाच्या सहलीचा आराखडा वाचला. पहाटे राजधानीत, पॉदगोरित्सात उतरायचं, विमानतळावरच भाड्याची गाडी ताब्यात घ्यायची आणि दुपारचं जेवण समुद्रकाठच्या कोटोरला, असं लिहिलंयस. बाकीचं ठीक आहे, पण हा पहिला दिवस मला अजिबात पटला नाही.

मीही असंच केलं होतं. रात्रभरचा प्रवास झालेला, आणि ‘या राजधानीत बघण्यासारखं काही नाही’ असं जो तो सांगत होता. गाडी घेतली नि निघालो. तिथे रहदारी आपल्या उलट, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. पहिला तास बरा गेला, कारण पुढे गाड्या होत्या आणि मी त्यांच्या मागे जात राहिलो. मग पेट्रोल पंपावर थांबलो. बाहेर पडलो तेव्हा रस्ता रिकामा होता, आणि माझी गाडी आपसूक डाव्या बाजूला गेली. वळणावरून समोर ट्रक आला. त्याने करकचून ब्रेक लावला म्हणून वाचलो. नंतर कडेला गाडी लावून अर्धा तास नुसता बसून होतो, हात थरथरत होते. ताम्हिणी आणि वरंध घाटात वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस मी. पण रहदारीत माणूस चुकत नाही, मोकळ्या रस्त्यावर चुकतो, कारण तिथे जुनी सवय वर येते. पंप, पार्किंग, हॉटेलचं फाटक, अशा कुठूनही बाहेर पडताना तोंडाने ‘उजवीकडे’ म्हण. मी अजून म्हणतो.

म्हणून सांगतो, पहिले दोन दिवस पॉदगोरित्सा पायी बघ. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, हे मानेला कळू दे. एखाद्या गोल चौकाशी दहा मिनिटं उभी राहा आणि गाड्या आपल्यापेक्षा उलट्या दिशेने कशा फिरतात ते बघ. ही शिकवणी फुकट आहे आणि तिच्यात कुणाला इजा होत नाही.

शहरही तुला वाटतं तितकं कोरडं नाही. पॉदगोरित्सा म्हणजे गोरित्सा टेकडीखालचं गाव. १९४६ ते १९९२ या काळात त्याचं नाव युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांच्यावरून टिटोग्राड होतं. विमानतळाची खूण म्हणून तुझ्या बॅगेच्या चिठ्ठीवर आजही टी-जी-डी अशीच अक्षरं येतील. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर सत्तरहून अधिक वेळा बॉम्ब पडले. जुनं फार थोडं उरलं, आणि पर्यटक ‘काही नाही’ म्हणतात ते त्यामुळे. जे उरलंय ते स्तारा वारोश भागात आहे: अरुंद गल्ल्या, दोन मशिदी, सतराव्या शतकातला घड्याळाचा मनोरा. संध्याकाळी मात्र स्कालिनेला जा. रिब्नित्सा नदी तिथे मोराचाला मिळते. वर तुर्की किल्ल्याच्या पडक्या भिंती, लहानसा कमानीचा जुना पूल, आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. जुलैत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पोरं तिथे पाण्यात उतरतात, बाकीचे पायऱ्यांवर बसून राहतात. वाईचा घाट आठवला मला. ‘पोलाको’ हा शब्द तुला तिथे ऐकू येईल. म्हणजे हळूहळू, सावकाश. घाटरस्त्यावर जाण्याआधी तो कानात मुरलेला बरा.

तिसऱ्या दिवशी गाडी घे. घेताना चारही बाजूंचे, टायरचे, काचेचे आणि खास करून चाकांच्या रिमचे फोटो काढ, तेही देणारा माणूस समोर असताना. रिमवरच्या एका ओरखड्याचे पैसे माझ्याकडून घेतले गेले. ओरखडा माझा नव्हता, पण फोटोही नव्हता. अनामत बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डावरच धरतात, डेबिट कार्डावर विसंबू नकोस. गाडी अल्बानियात न्यायची असेल तर तशी परवानगी आणि ग्रीन कार्ड, म्हणजे सीमेपलीकडचा विमा, आधीच मागून घे. हेडलाइट दिवसाही चालू ठेवायचे, तिथला नियमच आहे. इंडिकेटर डाव्या हाताला असतो, त्यामुळे सुरुवातीला वळताना वायपर फिरेल. आणि गाडी नकळत उजवीकडे, कठड्याच्या बाजूला सरकत राहील. उजव्या आरशात वारंवार बघ.

देश आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून लहान आहे, पण नकाशावरून वेळ काढू नकोस. उत्तरेच्या डोंगरातलं जाब्ल्याक गाव पॉदगोरित्सापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तरी अडीच तास लागतात. तू फोटो काढत जाणार, म्हणजे चार धर.

आधी जवळचा टप्पा कर. जुन्या रस्त्याने रियेका त्सर्नोयेविचाकडे जा, वाटेत पावलोवा स्त्राना हे वळण आहे. तिथे नदी घोड्याच्या नालासारखी डोंगराला वळसा घालून स्कादर तलावाकडे जाते. पुढे त्सेतिन्ये, जुनी राजधानी. मग लोव्चेन डोंगर, जिथे न्येगोश या त्यांच्या कवी-राज्यकर्त्याच्या समाधीपर्यंत ४६१ पायऱ्या चढायच्या. तिथून न्येगुशी गावात मुक्काम कर आणि कोटोरचा घाट सकाळी लवकर उतर. पंचवीस तीव्र वळणं आहेत आणि रस्ता एका गाडीपुरताच. उशीर झाला की खालून पर्यटकांच्या बस चढू लागतात. खालच्या गिअरमध्ये उतर, चढणाऱ्याला वाट दे, ही आपल्याच घाटातली रीत.

उत्तरेकडे जाताना नव्या महामार्गाचा मोह टाळ. चिनी कर्जातून बांधलेला तो ४१ किलोमीटरचा तुकडा २०२२ मध्ये सुरू झाला आणि घाईची रहदारी तिकडे गेली. तू मोराचाच्या दरीतून जाणारा जुना रस्ता धर. वाटेत १२५२ सालचा मठ आहे, तिथे थांब. पुढे कोलाशिन, मोय्‌कोवात्स, आणि मग तारा नदीवरचा जुर्जेविचा पूल. गाडी अलीकडे लाव आणि पूल चालत ओलांड. खाली १७२ मीटरवर नदी आहे. १९४० मध्ये तो पुरा झाला. १९४२ मध्ये इटालियन सैन्याला अडवण्यासाठी त्याची एक कमान उडवली गेली, आणि त्या कामात मदत केली ती पूल बांधणाऱ्यांपैकीच एका अभियंत्याने, लाझार याउकोविचने. इटालियनांनी त्याला पकडून त्याच पुलावर मारलं. तिथे उभं राहिलं की स्वतःच्या हाताने बांधलेलं उडवताना त्याच्या मनात काय आलं असेल, हा विचार काही केल्या सुटत नाही.

तू मांस खात नाहीस, म्हणून ‘पोस्नो’ हा शब्द पाठ कर. त्यांच्या उपवासाचं जेवण. मांस, दूध, अंडी नसतात, मासे मात्र असू शकतात, तेवढं विचार. डोंगरात ‘काचामाक’ मागव. मक्याचं पीठ नि बटाटा घोटून केलेला, वर साय आणि चीज. आपल्या उकडीच्याच गोतातला. कुणी प्रेमाने राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, पुढे केली आणि गाडी चालवायची असेल, तर हात जोडून नाही म्हण.

व्हिसा: शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा चालू असेल तर सहसा वेगळा लागत नाही, पण निघण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर खात्री कर. परत शेंगेन भागात यायचं असेल तर तो मल्टिपल एन्ट्रीचाच हवा. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना या आठवड्यातच काढायला टाक. दोन्ही हातात आले की रविवारी घरी ये, मुक्काम कुठे कुठे करायचे ते नकाशावर मांडू.

तुझा,
काका