'स्थानिक नेतृत्वाखालील संनियंत्रण' म्हणायचं की गावानं ठेवलेली देखरेख?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात काम करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या संस्थेला एका प्रस्तावाचं मराठी करायचंय, त्यात 'लोकली लेड मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन' हे सारखं येतं, आणि ऑफिसमधून त्याला 'स्थानिक नेतृत्वाखालील संनियंत्रण व मूल्यांकन' असं सुचवलंय. हे बरोबर आहे का, आणि मूल्यांकन म्हणायचं की मूल्यमापन?

ताई, शब्दकोश उघडून बसलं तर यात चूक सापडणार नाही, पण हा कागद पाड्यावर वाचून दाखवायचा असेल तर बदलाच, आणि सुरुवात 'स्थानिक नेतृत्व' पासून करा. आपल्याकडे पेपरात हा शब्द रोज येतो तो पुढाऱ्यांसाठी, उमेदवारी कुणाला द्यायची ते स्थानिक नेतृत्व ठरवेल वगैरे, त्यामुळे 'स्थानिक नेतृत्वाखालील मूल्यमापन' ऐकलं की शहाद्याच्या नाहीतर साक्रीच्या माणसाच्या डोळ्यासमोर सरपंच, झेडपी सदस्य, आमदार हेच येणार. मूळ कल्पना तर अशी आहे की जिच्या घरात रेशन पोचतं किंवा पोचत नाही तिनंच सांगायचं योजना चालली का, काय बघायचं तेही तिनंच ठरवायचं, आणि निष्कर्ष पण तिच्याच समोर काढायचा. 'नेतृत्वाखालील' मधला तो 'खालील' सगळं परत वरखाली करून टाकतो.

आता संनियंत्रण. हा जीआर मधला शब्द आहे, सम् + नियंत्रण. बऱ्याच ठिकाणी अनुस्वार गाळून 'सनियंत्रण' छापतात ते तर चुकीचंच, कारण 'स' लावला की अर्थ 'सकट' होतो, सकुटुंब म्हणजे कुटुंबासकट तसं सनियंत्रण म्हणजे नियंत्रणासकट. पण अनुस्वार बरोबर दिला तरी माझी हरकत राहतेच, कारण शब्दाच्या पोटात नियंत्रण आहे, म्हणजे ताबा. अंगणवाडीत आहार वेळेवर शिजतो का हे रोज बघणाऱ्या बाईकडे ताबा कुठे असतो, तिच्याकडे नजर असते आणि बोलायचा हक्क असतो. म्हणून 'देखरेख' घ्या. काही लोक म्हणतात हा शब्द साधा वाटतो, रिपोर्टात शोभत नाही, मला ते अजिबात पटत नाही. पुण्याकडे लोक बघतात, पाहतात, 'देखणं' त्यांच्याकडे फक्त 'देखणा मुलगा' मध्ये उरलंय, पण अहिराणीत देखणं हे रोजचं क्रियापद आहे, 'कोन देखस?' असं म्हटलं की म्हातारीला पण कळतं की कोण बघतंय, लक्ष कुणाचं आहे. 'देखरेख' मध्ये लक्ष ठेवणं आहे आणि काळजी घेणं पण आहे, लेकरांची देखरेख म्हणतो ना आपण, तसं. गावानं आपल्याच शाळेवर नजर ठेवायची तर ही काळजीची छटा हवीच.

आणि ही गोष्ट खान्देशाला बाहेरून शिकवायला लागत नाही. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवरची फड पद्धत बघा, बंधाऱ्यातून पाट निघायचा, फड म्हणजे त्या पाण्याखालच्या शेतांचा एक गट, एका फडात एक पीक, पाणी वाटायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि ही माणसं शेतकऱ्यांनीच नेमलेली. जागल्या म्हणजे जो जागा राहतो तो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं जंगल राखलं ते पण असंच, झाड तोडलं तर दंड किती हे गावानं बसून ठरवलं, पाळी लावून राखण केली, तिथल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. या दोन्ही ठिकाणी वाक्य कसं होतं ते बघा, 'गावानं राखण केली'. कर्ता पुढेच उभा आहे.

मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते इथंच आहे, खरी अडचण शब्दापेक्षा विभक्तीत आहे. 'गावाचं मूल्यमापन' असं लिहिलं तर गावानं केलेलं की गावावर केलेलं? षष्ठी, म्हणजे चा, ची, चं, दोन्हीकडे लागते. 'डॉक्टरांची तपासणी झाली' या वाक्यात डॉक्टरांनी तपासलं की डॉक्टरांनाच तपासलं हे पुढचं मागचं माहीत असल्याशिवाय कळत नाही. व्याकरणात याला कर्तरी षष्ठी आणि कर्मणि षष्ठी म्हणतात, नावं विसरलात तरी चालेल पण फरक विसरू नका, कारण 'लाभार्थ्यांचं मूल्यमापन', 'महिलांची देखरेख', 'समुदायाचं परीक्षण' असल्या मथळ्यांत नेमकं हेच होतं, ज्यांनी बघायचं त्यांनाच बघितलं जातंय असा अर्थ निघतो आणि वाचणाऱ्याला तोच सवयीचा असतो. म्हणून 'ची' ऐवजी 'नं' वापरा आणि कशावर ते पण सांगा, 'गावानं रोजगार हमीच्या कामांवर ठेवलेली देखरेख', 'पालकांनी शाळेचं केलेलं मूल्यमापन'. लांब होतं खरं, पण कोण कुणाला तपासतंय हे कळतं. कायद्याला पण कर्ता नेमका लागतो. 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 मध्ये कामांवर ग्रामसभा देखरेख ठेवील आणि ग्रामसभाच सामाजिक अंकेक्षण, म्हणजे सोशल ऑडिट, करील असं म्हटलं होतं, आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या 1996 च्या पेसा कायद्यात, जो तुमच्या धडगाव अक्कलकुव्याला लागू आहे, पंचायतीनं पैसा कसा खर्च केला याचा दाखला ग्रामसभेकडून घ्यायचा असतो. दाखला देणारी ग्रामसभा, घेणारी पंचायत. भाषांतरात हे उलटं झालं की हक्कच उलटा होतो.

'स्थानिक नेतृत्वाखालील' ऐवजी 'लोकाधारित' चालेल का असंही ताईंनी विचारलंय. चालेल, कारण तो तुमच्याच जिल्ह्यात रुजलेला शब्द आहे. 2007 मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होतं, सोबत अमरावती, उस्मानाबाद, पुणे, ठाणे. त्यात गावाची समिती बसून प्रश्नावर बोलायची, नर्सताई ठरल्या दिवशी येतात का, औषध बाहेरून आणायला लावतात का, बाळंतिणीला गाडी मिळते का, आणि प्रत्येक उत्तरापुढे रंग भरायचा, चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. त्या तक्त्याला 'प्रगतीपुस्तक' म्हणायचे. मला हा शब्द फार आवडतो. शाळेचं प्रगतीपुस्तक सगळ्यांना माहीत असतं आणि ते वरचा खालच्याला देतो हेही माहीत असतं, इथं गावानं दवाखान्याला दिलं, वाचता न येणाऱ्या माणसाला पण लाल रंग कळतो, आणि मग तोच कागद घेऊन जनसुनवाईत, म्हणजे लोकांनी अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायच्या जाहीर सभेत, डॉक्टरांसमोर उभं राहता येतं. तुमच्या प्रस्तावात 'स्कोअर कार्ड' असेल तिथं 'गुणपत्रक' करू नका, प्रगतीपुस्तक घ्या. 'लोकसहभागी' मात्र टाळा, सहभाग म्हणजे दुसऱ्यानं मांडलेल्या कामात येऊन बसणं, ते वेगळं.

मूल्यांकन की मूल्यमापन? दोन्ही शब्द शुद्ध आहेत. एकात अंकन, म्हणजे आकडा टाकणं, दुसऱ्यात मापन, म्हणजे मोजणं. हिंदीत सगळीकडे मूल्यांकन, मराठीत ते घर जमिनीची किंमत काढताना आणि कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकमुळे जास्त कानावर येतं. योजनेसाठी मूल्यमापन घ्या, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनामुळे झेडपीच्या शाळेतल्या पोरांच्या पण ओळखीचा झालाय, आणि रोजगार हमीच्या कामावरची मोजमाप पुस्तिका मजुरांना माहीत असते, माप म्हटलं की किती ब्रास माती काढली ते लगेच आठवतं. फक्त बैठकीत तोंडी बोलताना तोही बाजूला ठेवा आणि सरळ अहिराणीत 'काय फरक पडना?', म्हणजे काय फरक पडला, असं विचारा. बंधारा झाला का, हा एक प्रश्न, आणि बंधाऱ्यामुळे काय फरक पडना, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मोजमाप पुस्तिकेत सापडतं, दुसऱ्याचं विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरलं हे सांगणाऱ्या बाईकडे.

राहिले दोन तीन सुटे शब्द. सोशल ऑडिटला रोजगार हमीच्या कागदांत 'सामाजिक अंकेक्षण' आहे, अंक + ईक्षण म्हणजे आकडे बघणं, तेच ठेवा म्हणजे शोधताना सरकारी कागद सापडतील, पण सोबत कंसात 'मस्टर वाचन' लिहा, कारण ग्रामसभेत मजुरांची नावं, दिवस, मजुरी मोठ्यानं वाचली जाते आणि मी तर त्या दिवशी कामावर नव्हतोच असं कुणीतरी उठून सांगतो, लोकांना तो भाग माहीत असतो. जनसुनवाई हा हिंदीतून आलेला, 1994 पासून राजस्थानातल्या मजूर शेतकऱ्यांच्या लढ्यातून पसरलेला, मराठी रूप 'जनसुनावणी' होईल, पण सुनावणी म्हटलं की कोर्टाची तारीख आठवते आणि लोक बिचकतात, म्हणून जनसुनवाईच राहू द्या. आणि इंडिकेटरला 'निर्देशांक' लिहू नका, तो महागाईचा नाहीतर शेअर बाजाराचा असतो. तक्त्यात 'निर्देशक' लिहा, आणि गावात 'कशावरून ओळखायचं?' असं विचारून येतील त्या खुणा त्यांच्याच शब्दांत त्याखाली उतरवा, पावरी किंवा भिली या तिथल्या आदिवासी बोलींत सांगितल्या तर तशाच, मराठी शेजारच्या रकान्यात.