वाचकांचे प्रश्न: ड्युप्लेक्सर जुळवायचाय, पण लाखांचं यंत्र नाही

प्रश्न : आमच्या हॅम (हौशी रेडिओ) गटाकडे चार कॅव्हिटींचा (ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवायच्या धातूच्या डब्यांचा) जुना व्हीएचएफ ड्युप्लेक्सर आला आहे, म्हणजे एकाच अँटेनावर एकाच वेळी रिसीव्ह आणि ट्रान्समिट करू देणारा फिल्टर. तो रिसीव्ह १४५.१५० आणि ट्रान्समिट १४५.७५० मेगाहर्ट्झवर आणायचा आहे. सर्व्हिस मॉनिटर (रेडिओ तपासायचं महागडं यंत्र) परवडत नाही. नॅनोव्हीएनएवर (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल पार जातो आणि किती परततो हे मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर) भागेल का? (एक वाचक, कोथरूड)

भागेल. मात्र पूर्ण ड्युप्लेक्सर एकदम जोडून नाही, एकेक कॅव्हिटी सुटी करून.

आधी एक गोंधळ मिटवू, कारण निम्मे लोक इथेच उलटं करतात. रिसीव्हरकडच्या दोन कॅव्हिटी १४५.१५० पास करतात आणि त्यांचा नॉच (जिथे सिग्नल सर्वांत जास्त अडतो ती जागा) १४५.७५० वर असतो. त्या स्वतःच्याच ट्रान्समीटरचा कॅरियर अडवतात. ट्रान्समीटरकडच्या दोन १४५.७५० पास करतात, नॉच १४५.१५० वर, त्या ट्रान्समीटरचा पसरट नॉइज रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर येऊ देत नाहीत. दोन्ही बाजू तितक्याच महत्त्वाच्या. कॅव्हिटींवर खडूने आकडे लिहून ठेवा.

नॅनोव्हीएनएचा स्पॅन (मोजायचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) १४४.४ ते १४६.४ एवढाच ठेवा. १०१ पॉइंट असतील तर दर २० किलोहर्ट्झला एक ठिपका मिळतो. हाच नॅनोव्हीएनए पूर्ण ९०० मेगाहर्ट्झवर सोडला तर दोन ठिपक्यांत नऊ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं. नॉच मधल्यामध्ये गायब होतो आणि कॅव्हिटी मेली असं वाटतं. दुसऱ्या पोर्टवर १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा तुकडा; १० डीबी म्हणजे पॉवर एक दशांश) कायम लावा, म्हणजे कॅव्हिटीला समोर खरे ५० ओहम दिसतात. कॅलिब्रेशन या अटेन्युएटरसकट, एसएमए-एन अडॅप्टरसकट, केबलच्या टोकाशी करा. नंतर अडॅप्टर बदलला की पुन्हा कॅलिब्रेशन.

आता ट्यूनिंग रॉड, म्हणजे पास फ्रिक्वेन्सी सरकवणारा दांडा. पास जुळवताना एस२१ चा (पार गेलेल्या सिग्नलचा) माथा बघत बसू नका, तो सपाट असतो. रॉड थोडा चुकला तरी आकडा फारसा हलत नाही. एस११ ची (परत आलेल्या सिग्नलची) दरी पाहा, ती टोकदार असते. पास फ्रिक्वेन्सीवर रिटर्न लॉस २० डीबीच्या पुढे गेला की थांबा. लॉकनट आवळताना रॉड किंचित फिरतो, म्हणून नजर स्क्रीनवर ठेवूनच आवळा. मग पहिल्या पोर्टवरही १० डीबी लावून पुन्हा कॅलिब्रेट करा आणि ट्रिमरने (नॉच सरकवणाऱ्या छोट्या स्क्रूने) नॉच जागेवर आणा. स्क्रू-ड्रायव्हर प्लास्टिकचा हवा. लोखंडी काढून घेतला की नॉच सरकतो. ट्रिमर हलला की पासही थोडा हलतो, तेव्हा रॉड-ट्रिमर अशा दोन-तीन फेऱ्या धरून चला.

कनेक्टर, अटेन्युएटर पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधता येतील, जुन्या बाजारातही नशीब आजमावून पाहा. जुन्या मालाचा अटेन्युएटर मात्र नॅनोव्हीएनएवर मोजून मगच वापरा. जळालेला १० डीबीचा २३ डीबी दाखवू शकतो.

प्रश्न : सगळं जोडल्यावर नॉच ६५-७० डीबीच्या खाली जातच नाही. ड्युप्लेक्सर खराब आहे का? (एक वाचक, पिंपरी)

तो तळ तुमच्या यंत्राचा आहे. ३०० मेगाहर्ट्झच्या खाली साध्या नॅनोव्हीएनएची डायनॅमिक रेंज (मोजता येणारी जास्तीत जास्त घट) साधारण ७० डीबी. दोन्हीकडे १० डीबी लावले तर उरले ५०. एका कॅव्हिटीच्या ३५-४० डीबीला ते पुरतात, दोन कॅव्हिटींच्या ८० डीबीला नाही.

पूर्ण आयसोलेशन (टीएक्स म्हणजे ट्रान्समीटरच्या पोर्टवरून आरएक्स म्हणजे रिसीव्हरच्या पोर्टवर येताना सिग्नल किती अडतो ते) मोजायला हॅंडहेल्ड (हातातला रेडिओ) आणि टायनीएसए (सिग्नलची पातळी दाखवणारा छोटा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर) घ्या. अँटेना पोर्टला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा ५० ओहमचा रोध). टीएक्स पोर्टला १४५.७५० वर ५ वॅट, म्हणजे +३७ डीबीएम (१ मिलीवॅटच्या तुलनेत डीबी). आरएक्स पोर्टला टायनीएसए, पण मध्ये ४० डीबीचा अटेन्युएटर लावूनच. ड्युप्लेक्सर चुकलेला असून २० डीबीच देत असेल, तर +१७ डीबीएम थेट इनपुटवर जाईल आणि टायनीएसएची मर्यादा +१० आहे. सिग्नल पुरेसा खाली आहे हे दिसल्यावरच अटेन्युएटर काढा. मग −४८ डीबीएम दिसले तर आयसोलेशन ८५ डीबी.

आता १४५.१५० वर हेच करायचं, पण इथे सापळा आहे. टीएक्स बाजू या फ्रिक्वेन्सीला अडवते, त्यामुळे पॉवर परत हॅंडहेल्डमध्ये येते. म्हणून १ वॅट लावा आणि मध्ये १० डीबीचा, ती पॉवर सोसणारा अटेन्युएटर घाला. पोर्टवर +२० पोचतात. −६५ दिसले की पुन्हा ८५.

एक पडताळणी विसरू नका. टायनीएसएची केबल आरएक्स पोर्टवरून काढून ५० ओहमने बंद करा. आकडा जवळपास तोच राहिला तर तुम्ही ड्युप्लेक्सर मोजत नाही, हॅंडहेल्डमधून हवेतून आलेली गळती मोजताय. दोन यंत्रं लांब ठेवा, केबल आरजी-४०० किंवा आरजी-२२३ सारखी दुहेरी शील्डची वापरा. ड्युप्लेक्सरच्या आतल्या जोडण्यांनाही साधी आरजी-५८ नको.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारा छोटा सहा कॅव्हिटींचा ड्युप्लेक्सर ६०० किलोहर्ट्झच्या शिफ्टला (रिसीव्ह-ट्रान्समिटमधल्या अंतराला) चालेल का? (एक वाचक, हडपसर)

नाही. ते नॉच प्रकारचे, साधारण पाच मेगाहर्ट्झ किंवा जास्त अंतरासाठीचे. डबी लहान म्हणून क्यू (जवळच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करण्याची धार) कमी, नॉच रुंद. ६०० किलोहर्ट्झवर तो पासलाच खातो. पैसे वाचवा.

प्रश्न : टेबलावर उत्तम जुळलेला ड्युप्लेक्सर गच्चीवर बसवल्यावर रिसीव्हर बहिरा होतो. मे महिन्यात जास्तच. (एक वाचक, धनकवडी)

आधी अँटेना काढून डमी लोड लावा. रिसीव्हरला कपलरमधून (लाइनमध्ये थोडासाच सिग्नल सोडणाऱ्या तुकड्यातून) जेमतेम ऐकू येईल असा सिग्नल द्या (टायनीएसए जनरेटर म्हणूनही चालतो) आणि पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) दाबा. डमी लोडवरही सिग्नल बुडत असेल तर दोष ड्युप्लेक्सरमध्ये किंवा केबलमध्ये. डमी लोडवर ठीक आणि अँटेनावर बहिरा, तर गंजलेला क्लॅम्प, पाणी शिरलेला कनेक्टर किंवा अँटेनाच पाहा. कॅव्हिटीला हात लावू नका.

मे महिन्याचं कारण बहुधा रॉड. पितळ दर अंशाला मीटरमागे १९ मायक्रॉन वाढतं, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झवर अंशाला पावणेतीन किलोहर्ट्झ. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारी पत्र्याखालपर्यंत २५ अंशांचा फरक धरला तर जवळजवळ ७० किलोहर्ट्झ सरकलं. चांगल्या कॅव्हिटीत इन्व्हारचा (उष्णतेने फारसा न वाढणाऱ्या लोह-निकेल मिश्रधातूचा) रॉड असतो. त्याचं हेच सरकणं चार-पाच किलोहर्ट्झवर येतं. तुमच्याकडे पितळेचा असेल तर ड्युप्लेक्सर सावलीत, हवा खेळेल अशा जागी हलवा, आणि जुळवताना तो तासभर त्याच खोलीत राहू द्या.