ठेकेदार म्हणतो, जिना चढायला होत नाही तर कामाला येऊ नका

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. बेळगावातल्या एका सरकारी ऑफिसात त्या एजन्सीमार्फत डेटा एन्ट्री करतात. स्कूटरच्या अपघातात डावा पाय गेल्यासारखाच झाला, यूडीआयडी कार्डावर, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रावर, 45 टक्के लिहिलंय. आता सेक्शन दुसऱ्या मजल्यावर हलवला, लिफ्ट नाही, आणि सुपरवायझरचा व्हॉट्सअॅप आला की पुढच्या महिन्यापासून येऊ नका. त्या विचारतात, सरकारी नोकराला असं काढता येत नाही ना, मग मला कसं?

ताई, आधी तो मेसेज जपून ठेवा, आणि "स्वखुशीने काम सोडत आहे" असल्या कागदावर सही अजिबात करू नका, एजन्सीवाल्यांकडे तो टाइप करून तयारच असतो.

आता कायद्याचं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही हे 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 20(4), पण ते सरकारी आस्थापनेलाच लागू, नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाचंही तसंच, आणि सरकारकडून बिल निघतं म्हणून ठेकेदार काय सरकारी होत नाही. ह्या दोन कलमांवर भांडत बसलात तर त्याचा वकील पहिल्याच तारखेला हसेल. तुमचं खरं बळ कलम 3 मध्ये आहे, अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही, आणि कलम 21 मध्ये, ते प्रत्येक आस्थापनेला लागू, खासगी असली तरी. समान संधीचं धोरण करून त्याची कॉपी राज्य आयुक्तांकडे नोंदवायची असते, 20 किंवा जास्त माणसं असतील तर अपंग कर्मचाऱ्यांचं बघायला लायझन ऑफिसरपण नेमायचा. एजन्सीकडं हे धोरण लेखी मागा, बहुतेक नसेलच.

आणि जिन्याचं म्हणाल तर तो तुमचा दोष नाहीच हो! जुन्या सार्वजनिक इमारतीसुद्धा ह्याच कायद्याचे 2017 चे नियम आल्यापासून 5 वर्षांत सोयीच्या करायच्या होत्या, कलम 45. म्हणून अर्ज एजन्सीला एक आणि ऑफिसच्या मुख्य अधिकाऱ्याला एक, मागणी साधी, माझं टेबल तळमजल्यावर द्या. कम्प्युटरचं काम खाली बसून होतंय की. पोच घ्या, आणि आरटीआय टाकून ठेक्याच्या कराराची कॉपीपण मागवा.

उत्तर आलं नाही तर बेंगळुरूला अपंग व्यक्तींच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार. ते शिफारस करतात, पण ऑफिसनं ती मानली नाही तर 3 महिन्यांत कारण कळवावं लागतं, आणि त्या कागदावर हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात जाता येतं.

अपघात कामावर येता-जाता झाला असेल आणि पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर तो क्लेम वेगळाच, तेही बघा.

सरकारी ऑफिसला अर्ज मराठीत दिला तरी घटनेच्या कलम 350 नं घ्यावाच लागतो, पण टेबलावर पडून राहू नये असं वाटत असेल तर सोबत कन्नड कॉपी जोडा. लिहून द्यायला कोणी नसलं तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा, अपंग व्यक्तीला वकील तिथं फुकट मिळतो.