शाळेच्या बीजगणितात पैकीच्या पैकी, मग ओलिंपियाडच्या बीजगणितात का अडतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, शाळेत बीजगणितात पैकीच्या पैकी मिळवते, पण आयओक्यूएम (गणित ओलिंपियाडची पहिली चाळणी परीक्षा) आणि आरएमओ (त्यापुढची प्रादेशिक फेरी) यांचे जुने पेपर काढून बसली की नेमकी बीजगणितातच अडते. तेव्हा आणखी कुठली सूत्रं पाठ करून घ्यावीत, असं तुम्ही विचारलंय. मी ओलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांना बीजगणित शिकवते. माझ्या मते सूत्रं तिला पुरेशी येतात. तिला आता ‘क्षची किंमत काढा’ ही सवय सोडायची आहे.

शाळेतलं जवळजवळ प्रत्येक उदाहरण ‘क्ष = अमुक’ या ओळीवर संपतं. त्यामुळे समीकरण दिसलं की हात आपोआप क्ष काढायला धावतो. स्पर्धेच्या गणितात क्षची किंमत बहुतेक वेळा लागतच नाही, आणि काढायला गेलं तर ती इतकी ओबडधोबड निघते की पुढे सरकता येत नाही. हे बोलण्यापेक्षा करून दाखवते.

क्ष + १/क्ष = ३ असेल तर क्ष⁵ + १/क्ष⁵ किती? शाळेच्या सवयीने वर्गसमीकरण मांडलं की क्ष = (३ ± √५)/२ येतो. आता याचा पाचवा घात करत बसा! त्याऐवजी एवढंच पाहायचं: अशी कुठलीही बेरीज, समजा क्ष² + १/क्ष², घेऊन तिला क्ष + १/क्ष ने गुणलं की क्ष³ + १/क्ष³ आणि क्ष + १/क्ष, म्हणजे पुढची आणि मागची अशा दोन्ही बेरजा मिळतात. म्हणून पुढची = ३ × आत्ताची − मागची. शून्य घाताची बेरीज २, पहिल्या घाताची ३. तिथून ७, १८, ४७, १२३. उत्तर १२३. वर्गमुळाला हातही लावावा लागला नाही.

याहून बोलकं उदाहरण पुढचं आहे. ते जुनं आणि सगळीकडे फिरणारं आहे, पण मला अजूनही फार आवडतं. अ + ब + क = १, अ² + ब² + क² = २, अ³ + ब³ + क³ = ३. तर अ⁴ + ब⁴ + क⁴ किती?

नवीन मुलं इथे अ, ब, क शोधायला लागतात. १, २, ३ असे छान आकडे दिसतात, म्हणून अंदाजाने काही किंमती घालून पाहतात, काही जमत नाही, आणि पंधरा मिनिटांनी वही बंद होते. आता असं करू. बेरजेचा वर्ग १ आहे, वर्गांची बेरीज २ आहे, म्हणून अब + बक + कअ = (१ − २)/२ = −१/२. मग अ³ + ब³ + क³ − ३अबक = (अ + ब + क)(अ² + ब² + क² − अब − बक − कअ) हे सूत्र, जे तिला बहुधा येतच असेल. त्यात किंमती घातल्या की ३ − ३अबक = १ × (२ + १/२) = ५/२, म्हणजे अबक = १/६. बेरीज, दोन-दोनांच्या गुणाकारांची बेरीज आणि तिघांचा गुणाकार एवढं कळलं की अ, ब, क ही ज्याची मुळं आहेत ते समीकरण लिहिता येतं: ट³ − ट² − ट/२ − १/६ = ०. म्हणजे ट³ = ट² + ट/२ + १/६. दोन्ही बाजूंना ट ने गुणा: ट⁴ = ट³ + ट²/२ + ट/६. टच्या जागी आळीपाळीने अ, ब, क घाला आणि तिन्ही ओळींची बेरीज करा: ३ + १ + १/६ = २५/६.

आता गंमत पाहा. या समीकरणाचं एकच मूळ वास्तव आहे, उरलेली दोन संमिश्र संख्या, म्हणजे ऋण संख्येचं वर्गमूळ पोटात असलेल्या, आहेत. नववीतल्या मुलीने संमिश्र संख्या पाहिलेल्याही नसतात. जी अ, ब, क शोधायला निघाली तिला ती कधीच सापडणार नव्हती, आणि जिने शोधली नाहीत तिचं उत्तर पाच-सहा ओळींत आलं. मुलांना हे कळतं तेव्हा त्यांचा बीजगणिताकडे पाहण्याचा सूरच बदलतो, असा माझा अनुभव आहे. आणि लक्षात घ्या, इथे वापरलेलं एकही सूत्र शाळेबाहेरचं नाही.

शाळेच्या बीजगणिताला कमी लेखू नका, हे मी मुद्दाम सांगते. श्रीराम अभ्यंकर हे विसाव्या शतकातले बीजगणितीय भूमितीतले फार मोठे गणिती. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ काम केलं. शाळेतल्या बीजगणितात, म्हणजे बहुपदी हाताने सोडवण्या-फिरवण्यात, मोठी ताकद आहे असं ते आवर्जून मांडत. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं, आणि तिथे ओलिंपियाडच्या तयारीचे वर्ग चालतात. पुणं तुम्हाला सोयीचं असेल तर तिथे चौकशी जरूर करा.

पुढचं अवघड ठिकाण म्हणजे असमानता. इथे मुलं एक ठरावीक चूक करतात. समजा प्रश्न असा आहे: क्ष ही ४ किंवा त्याहून मोठी संख्या आहे, तर क्ष + ४/क्ष ची सर्वांत लहान किंमत किती? एएम-जीएम (धन संख्यांची सरासरी त्यांच्या गुणोत्तर मध्याहून लहान नसते, हा नियम) शिकलेली मुलगी लगेच लिहिते: दोन पदांचा गुणाकार ४, म्हणून बेरीज निदान २√४ = ४, उत्तर ४. असमानता खरी आहे, उत्तर चूक आहे. बेरीज ४ होण्यासाठी दोन्ही पदं सारखी हवीत, म्हणजे क्ष = २ हवा, आणि क्ष तर ४ च्या खाली जाऊच शकत नाही. खरं उत्तर ५, क्ष = ४ असताना. म्हणून असमानतेचं कुठलंही गणित हातात घेतल्यावर समानता कधी होईल हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. तिन्ही चल सारखे असताना होते, की एखादा शून्य असताना? ते कळलं की कुठली पदं एकत्र बांधायची ते बरंचसं ठरून जातं. मोठमोठ्या नावांच्या असमानतांच्या याद्या तिच्याकडून पाठ करून घेऊ नका. वर्ग कधीही ऋण नसतो, एएम-जीएम आणि कोशी-श्वार्झ, एवढ्यावर तिची दोन वर्षं सहज निघतील.

आता एक खरा मोठा प्रश्न पाहू. २०१९ साली इंग्लंडमधल्या बाथ शहरात झालेल्या आंतरराष्ट्रीय ओलिंपियाडचा हा पहिलाच प्रश्न. पूर्णांकाला पूर्णांक देणारी अशी सगळी फंक्शनं (म्हणजे प्रत्येक पूर्णांकाला एक पूर्णांक नेमून देणारे नियम) शोधा, की कुठल्याही दोन पूर्णांकांसाठी

फ(२अ) + २फ(ब) = फ(फ(अ + ब)).

पाहताक्षणी भीती वाटते, कारण इथे क्ष नाहीच; शोधायचं आहे ते फंक्शनच. पण नियम ‘कुठल्याही’ अ आणि ब साठी खरा आहे, म्हणजे किंमती निवडायचं स्वातंत्र्य आपलं आहे. सगळ्यात गरीब किंमत आधी घालावी. अ = ० घातला: फ(०) + २फ(ब) = फ(फ(ब)). उजवीकडे जे फंक्शनात फंक्शन अडकलं होतं, ते आता सुटं झालं, आणि हे कुठल्याही ब साठी खरं आहे. तेव्हा ब च्या जागी अ + ब घ्या: फ(फ(अ + ब)) = फ(०) + २फ(अ + ब). मूळ समीकरणात हे ठेवलं:

फ(२अ) + २फ(ब) = फ(०) + २फ(अ + ब).

आता ब = ० घाला: फ(२अ) = २फ(अ) − फ(०). हेही वरच्या ओळीत ठेवलं आणि दोनाने भागलं की राहतं

फ(अ + ब) = फ(अ) + फ(ब) − फ(०).

इथे अ = १ घ्या. फ(ब + १) − फ(ब) = फ(१) − फ(०), म्हणजे एका पूर्णांकावरून पुढच्यावर जाताना फरक नेहमी तेवढाच. म्हणजेच फ(न) = मन + क, जिथे म आणि क स्थिर. शेवटी हे मूळ समीकरणात घालून पाहायचं. डावीकडे २म(अ + ब) + ३क, उजवीकडे म²(अ + ब) + मक + क. दोन्ही बाजू नेहमी सारख्या असायच्या तर म² = २म आणि मक = २क. म्हणजे म = ० असेल तर क = ०, आणि म = २ असेल तर क कुठलाही पूर्णांक चालतो. उत्तर: फ(न) = ०, किंवा फ(न) = २न + क.

या सगळ्यात नववीच्या पलीकडचं काय होतं? किंमती घालणं, वजाबाकी, आणि आत्ता मिळालेली ओळ मागच्या ओळीत परत नेऊन ठेवणं. एवढंच. पण शेवटचा टप्पा, म्हणजे मिळालेलं उत्तर मूळ समीकरणात घालून त्याचा ताळा घेणं, मुलं हमखास गाळतात. तो गाळला तर ‘मन + क’ इथेच थांबाल, आणि कुठलाही म चालतो असं वाटून चुकीचं उत्तर लिहाल. घरी सराव करतानाही ताळ्याची ओळ वहीत लिहिलेली हवी, हा हट्ट तुम्ही धरा.

लिहिण्याबद्दल एवढं आग्रहाने सांगण्याचं कारण परीक्षेच्या रचनेत आहे. आयओक्यूएममध्ये ३ तासांत ३० प्रश्न असतात आणि उत्तरं ०० ते ९९ मधले पूर्णांक, ओएमआर पत्रिकेवर गोल रंगवायचे. तिथे तुमच्या पायऱ्या कुणी वाचत नाही. लहान किंमती घालून, आकृतिबंध ओळखून उत्तर आलं तरी गुण मिळतात. आरएमओपासून खेळ बदलतो: ३ तासांत ६ प्रश्न आणि पूर्ण सिद्धता. आयओक्यूएम पार करून आरएमओत अडकणारी मुलं मला वरचेवर भेटतात. त्यांना उत्तर येत असतं, पण ते ‘का’ हे कागदावर उतरवायची सवय नसते. म्हणून नववीपासूनच आठवड्यातून निदान एका गणिताची सिद्धता, एखाद्या वर्गमैत्रिणीला वाचून कळेल अशी, पूर्ण वाक्यांत लिहायला लावा. मराठीत लिहिली तरी उत्तम.

क्रम म्हणाल तर आधी विस्तार सूत्रं आणि अवयव, पण उलट्या बाजूने: मोठी पदावली पाहून तिच्यात कुठलं सूत्र दडलंय ते ओळखायचं. मग बहुपदी, मुळं आणि सहगुणक यांचं नातं, आणि शाळेत सहसा न शिकवली जाणारी एक साधी गोष्ट: सहगुणक पूर्णांक असले तर दोन पूर्णांक घालून आलेल्या किंमतींच्या फरकाला त्या पूर्णांकांच्या फरकाने नेहमी भाग जातो. म्हणून २ घातल्यावर ३ आणि ७ घातल्यावर १० देणारी अशी बहुपदी असूच शकत नाही, कारण ५ ने ७ ला भाग जात नाही. एवढ्या एका वाक्यावर कितीतरी प्रश्न सुटतात. त्यानंतर असमानता, आणि फंक्शनचे प्रश्न सगळ्यात शेवटी. घाई केली तर शेवटचे दोन विषय नुसत्या युक्त्यांची पोतडी होऊन बसतात.

आणि कृपा करून रोज वीस गणितं सोडवायला लावू नका. एक गणित दोन-तीन दिवस डोक्यात राहिलं तर चालेल, राहायलाच हवं. उकल पाहावीच लागली तर पहिल्या दोन ओळी पाहून पुस्तक मिटावं, पुढचं स्वतः करावं. पूर्ण उकल वाचली असेल तर आठवड्याने कोऱ्या कागदावर, न बघता, परत लिहावी. जुने आरएमओ आणि आयएनएमओचे (आरएमओनंतरच्या राष्ट्रीय फेरीचे) पेपर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. महागडे संच विकत घेण्याआधी ते संपवा.

सुरुवातीला तिला हे एक द्या: न ही धन पूर्णांक संख्या आहे, न⁴ + ४ ही मूळ संख्या केव्हा केव्हा असते? ती आधी किंमती घालेल: ५, २०, ८५, २६०, ६२९. तेवढं करू द्या, उपयोगी आहे. मग ‘फक्त न = १ असताना’ असं म्हणेल, तेव्हा ‘का?’ एवढंच विचारा. दोन दिवसांनीही अडलेली असेल तर सूचना म्हणून इतकंच सांगा, की न⁴ + ४ हा पूर्ण वर्ग व्हायला काय कमी पडतंय ते बघ. ते मिळवून लगेच वजा केलं की दोन वर्गांचा फरक तिला स्वतःलाच दिसेल. दोन अवयव हातात आल्यावरही तिला थांबू देऊ नका: त्यातला लहान अवयव १ कधी होतो, हे लिहिल्याशिवाय सिद्धता पुरी होत नाही.