फिजेट स्पिनरसारख्या वस्तू आताच आल्या का? मन शांत ठेवण्यासाठी हातात काहीतरी धरायची पद्धत किती जुनी आहे?

बोटांत धरून गरगर फिरवायचा स्पिनर २०१७ मध्ये जगभर गाजला, पण ही पद्धत किमान सोळाशे वर्षांची आहे. गंमत म्हणजे शांतता हा तिचा मूळ हेतू दिसत नाही, मोजणी हा दिसतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात पॉल नावाचा एक ख्रिस्ती साधू रोज ३०० प्रार्थना म्हणायचा. हिशेब चुकू नये म्हणून तेवढेच खडे मांडीवर घ्यायचा आणि दर प्रार्थनेला एक टाकून द्यायचा. हाच हिशेब दोऱ्यात ओवला की माळ होते, आणि माळ तर कितीतरी धर्मांत आहे. हिंदू आणि बौद्ध जपमाळेत १०८ मणी, मुस्लिमांच्या तसबीहमध्ये ९९ किंवा ३३, कॅथलिक रोझरीत दहा-दहांचे पाच गट.

मला या माळांचं सगळ्यात कौतुक वाटतं ते त्यांतल्या खुणांचं. जपमाळेत मेरुमणी बोटाला लागला की फेरी संपली. तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून पुन्हा सुरुवात करायची. ९९ मण्यांच्या तसबीहमध्ये दर ३३ मण्यांनंतर वेगळ्या आकाराचा मणी येतो. रोझरीत दहा मणी झाले की थोडी जागा सोडून एकटा मणी. डोळे मिटलेले असोत की खोलीत अंधार असो, किती झालं हे बोटांनाच कळतं, त्यामुळे मन आकड्यात अडकत नाही.

ग्रीसमधल्या कोंबोलोईत, म्हणजे हातात खेळवायच्या मण्यांच्या माळेत, मोजणीही उरली नाही. मणी सैल दोऱ्यावर सरकवायचे, एकमेकांवर आपटू द्यायचे, बस्स. चीनमधले बाओडिंग गोळेही असेच: दोन गोळे एकाच तळव्यात गोल गोल फिरवत राहायचे.

आता स्पिनर. तो फिरताना छान दिसतो, आणि माझ्या मते तीच त्याची अडचण आहे, कारण नजर तिकडेच जाते. विद्यार्थ्यांना व्हिडिओवर व्याख्यान दाखवून केलेल्या एका प्रयोगात स्पिनर फिरवणाऱ्यांच्या लक्षात कमी राहिलं. पण म्हणून सगळी चुळबुळ वाईट ठरत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड जाण्याची अवस्था) असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुलांची हालचाल जितकी जोरात, तितकी त्यांची उत्तरं जास्त बरोबर होती.

त्यामुळे मुलाच्या हातातली वस्तू सरसकट काढून घेणं मला अजिबात पटत नाही. ती बघावी लागते का, एवढं तपासा. बघावी लागत असेल तर बदलून द्या: दाबायचा मऊ चेंडू, सैल ओवलेले मणी, किंवा बाकाखाली चिकटवलेली खरखरीत पट्टी.