लायब्ररीतलं बियाणं: काय घ्यावं, काय परत द्यावं

प्रश्न न्यू जर्सीतल्या सदस्याचा आहे. गावातल्या सार्वजनिक लायब्ररीत भाजीचं बी फुकट मिळतं. मग कोणतं घ्यावं? परत द्यावंच लागतं का? आणि घरी धरलेल्या झुकिनीच्या बियांची फळं कडू का निघाली?

कडूपणाचं आधी, कारण तो तब्येतीचा विषय आहे. कडू झुकिनी खाऊ नका, शिजवूनही नाही. झुकिनी, हॅलोवीनचा केशरी भोपळा, एकॉर्न स्क्वॉश आणि शोभेचे बरेचसे भोपळे वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे. मधमाशी एकाचा पराग दुसऱ्यावर नेते. शोभेच्या भोपळ्यातला कुकुरबिटासिन हा कडू, विषारी घटक मग पुढच्या पिढीत उतरतो. त्या वर्षीचं फळ नेहमीसारखंच गोड लागतं, घोटाळा बियांत झालेला असतो. त्यामुळे चव बघून बी धरलं तरी फसगत होते. असं बी लायब्ररीला दिलंत तर चार अनोळखी घरांत कडू झुकिनी जाईल.

म्हणून नियम सोपा ठेवा: घ्या काहीही, परत द्या फक्त स्वपरागित पिकांचं. म्हणजे वाटाणा, फरसबी, टोमॅटो, लेट्यूस. यांचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. काकडी, भोपळे, मका, पालक, कोबी यांचं घेतलेलं बी लावा, खा, विषय संपला. गाजर, बीट, कांदा, कोबी तर दुसऱ्या वर्षी फुलावर येतात, आणि कांद्याच्या डेंगळ्यांसाठी दोन वर्षं वाफा अडवून ठेवायला परसात जागा असते कुणाकडे? पाकिटावर ‘एफ-१’ लिहिलं असेल तर ते संकरित. त्याचं बी धरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत. बी धरायचं तर सरळ, म्हणजे संकरित नसलेला वाण घ्या, पाकिटावर ‘ओपन-पॉलिनेटेड’ किंवा ‘एअरलूम’ लिहिलेलं असतं.

परतीची सक्ती बहुतेक ठिकाणी नसते. दंड नाही, सवाई-दिढीचा हिशोबही नाही. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या सार्वजनिक लायब्ररीत २०१० मध्ये सुरू झालेल्या बीज-ग्रंथालयाचा नमुना पुढे अनेक गावांनी उचलला. पुष्कळ ठिकाणी पुस्तकांच्या कार्डांचे जुने लाकडी खण आता बियांच्या पाकिटांसाठी वापरतात. पाकीट घ्यायचं, वहीत नोंद करायची. ॲरिझोनात टूसॉनकडच्या पिमा काउंटी लायब्ररीत तर बियाणं पुस्तकांसारखं कॅटलॉगमध्ये चढवलेलं आहे, लायब्ररी कार्डावर राखूनही ठेवता येतं.

पण घरचं बी देण्याआधी काउंटरवर विचारा, ‘घरी धरलेलं बी घेता का?’ कारण २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्गच्या लायब्ररीला तिथल्या कृषी खात्याने राज्याच्या बियाणे कायद्यावर बोट ठेवून अडवलं होतं. व्यापारी बियाण्यासाठी लिहिलेले उगवण-चाचणीचे आणि लेबलचे नियम फुकटच्या देवघेवीलाही लावले गेले. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदा करून अशा देवघेवीला सूट दिली. काही लायब्ऱ्या मात्र अजूनही कंपनीची बंद पाकिटंच ठेवतात.

घेताना हात आखडता ठेवा. टोमॅटोची दोन रोपं हवीत तर सहा बिया पुरतात, फरसबीला वीस-पंचवीस दाणे. पाकिटावरचं साल बघा: कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत मरतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चार-पाच वर्षं टिकतं. शंका आली तर दहा बिया ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घाला आणि आठ-दहा दिवस उबेला ठेवा. आठ उगवल्या तर उत्तम. पाचच्या खाली गेल्या तर दाट पेरा, आणि ते बी पुढे कुणाला देऊ नका.

तुमच्याकडे न्यू जर्सीत वाटाणा मार्चच्या मध्यापासून थेट जमिनीत चालतो. टोमॅटो मार्चअखेर घरात ट्रेमध्ये पेरा आणि मेच्या मध्यानंतर, फ्रॉस्टची भीती गेल्यावर बाहेर लावा. त्याआधी आठवडाभर रोपं रोज थोडा-थोडा वेळ बाहेर ठेवून सरावू द्या, नाहीतर पानं उन्हाने पांढरी पडतात. फरसबीची घाई नको, गार ओल्या मातीत दाणे कुजतात. लेट्यूसचं बी मातीवर नुसतं भुरभुरवा. त्याला उजेड लागतो आणि कडक उन्हाळ्यात ते रुजत नाही.

आता बी धरणं. फरसबीच्या चार-पाच वेलांना तोडणीतून वगळा. शेंगा वेलावरच तपकिरी होऊन खुळखुळल्या पाहिजेत. सोलून दाणे दोन आठवडे सावलीत पसरा आणि एकावर हातोडी मारा: फुटला तर वाळलाय, चेपला तर ओल आहे. पूर्ण वाळलेले दाणे बरणीत घट्ट बंद करून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे भुंगेरे मरतात. ओले दाणे फ्रीजरमध्ये गेले तर बीच मरतं. बरणी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

टोमॅटो पूर्ण पिकलेला घ्या. गर आणि बिया ग्लासात थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवा, रोज ढवळा. वर बुरशीचा पापुद्रा येतो, वास येतो, येऊ द्या. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण उगवण रोखतं, ते असं सुटतं. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत विसरलात तर बिया तिथेच मोड काढतील. धुताना भरलेल्या बिया तळाशी बसतात. त्या चिनी मातीच्या बशीत वाळवा, टिश्यूवर चिकटून बसतात.

लेट्यूसमध्ये एक चूक सर्रास होते. सगळ्यात आधी फुलोऱ्यावर आलेल्या झाडाचं बी धरतात, कारण ते आधी तयार होतं. तसं केलं की लवकर फुलोऱ्यावर येणारा वाण आपणच तयार करतो. सर्वांत उशिरा आलेलं झाड राखा आणि फुलांच्या जागी पांढरा कापूस दिसू लागला की दोन-तीन दिवसांआड कागदी पिशवीत झटका.

पाकिटावर पीक, वाणाचं नाव, साल आणि गाव लिहा. नुसतं ‘टोमॅटो, लाल’ लिहिलेलं पाकीट पुढच्याच्या काही उपयोगाचं नाही.

आपल्या भाज्या तिथे कमीच मिळतील. मेथी-कोथिंबिरीला इंडियन ग्रोसरीतले मेथ्या-धने चालतात. धने हलके रगडून दोन दळं करा, आणि आधी वरची दहा बियांची चाचणी घ्या. दुधीचा झुकिनीशी संकर होत नाही, पण शेजारच्या कुंपणावरच्या दुसऱ्या वाणाच्या दुधीशी नक्की होतो, आणि न्यू जर्सीत मराठी-गुजराती शेजार असला की असा दुधी असतोच. शुद्ध बी हवं असेल तर त्या संध्याकाळी उमलणारी नर आणि मादी फुलं दुपारीच चिकटपट्टीने बंद करा. अंधार पडताना उघडा, नर फूल मादीवर फिरवा, मादी पुन्हा बंद करा आणि देठाला दोरा बांधून ठेवा. ते फळ वेलावर पार सुकून लाकडासारखं होईपर्यंत काढू नका.